पंचांचा मनोरा आणि कीथचा मोजा

"दोन पानं तर लिहायचीत," व्हर्ना म्हणाली, तेव्हा मी एल्सीच्या मानेवर हात ठेवून हा ताप आहे की नुसती ऊब, ते ठरवत होते. अशा वेळी आई कशालाही हो म्हणते. मी हो म्हटलं. ऊबच निघाली. दोन पानं मात्र अजून चालू आहेत, आणि त्यांच्यापायी माझा नवरा हल्ली कानटोपी घालून झोपतो.

व्हर्ना आमची शेजारीण आणि आर्डमोर क्रॉसच्या महिला मंडळाची अध्यक्ष. आमच्या बेटावर सरकार राजधानीत असतं. गावात मंडळ असतं. शाळेच्या छपरापासून मयताच्या सँडविचपर्यंत सगळं तेच बघतं. त्या वर्षी मंडळानं गावाचा इतिहास छापायचं काढलं. बटाटा, मासेमारी, चर्च आणि वादळं हे विषय ज्येष्ठ सभासदांनी आधीच उचलले होते. उरला होता आर्डमोर ड्रायव्हिंग क्लब, म्हणजे गावची घोडागाड्यांची शर्यत. ती बंद पडून पस्तीसेक वर्षं झाली होती आणि तिच्याबद्दल गावातला प्रत्येक म्हातारा तासन्‌तास बोलायला तयार होता. बहुधा म्हणूनच ती उरली होती.

"तू कॉलेजात गेलेली," व्हर्ना म्हणाली. "शिवाय घरीच असतेस."

आठ महिन्यांच्या मुलीबरोबर राहण्याला घरीच असणं म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याला पहारा समजत होते.

त्या पहाऱ्याचं ठाणं म्हणजे आमची पूर्वेकडची छोटी खोली. घर कीथच्या आजोबांचं, नील मॅकइनिस यांचं. ते या खोलीत पत्त्यांचा अड्डा भरवत. त्यांच्यानंतर तिथं पाळणा आला. खोली घराला नंतर जोडलेली, त्यामुळे तिचा उंबरा चार बोटं उंच, आणि नवा माणूस तिथं हमखास ठेचकाळतो. छताला एक झडप होती, जी उघडून वर काहीच नव्हतं. खिडकी इतर खिडक्यांसारखी वर सरकत नसे. ती खाली, भिंतीच्या पोटात जाऊन बसे आणि पुन्हा वर यायला कुरकुर करी. खिडकीशेजारी अंगठा जाईल एवढं एक भोक होतं आणि त्यातून समुद्राचा वारा थेट पाळण्यावर येई. मी त्यात कीथचा एक लोकरी मोजा कोंबला होता. दुसरा मोजा कीथनं कपाटात जपून ठेवला आहे, आशेवर. नवी खिडकी बसवायला सुतार सप्टेंबरात येतो म्हणाला होता. कोणत्या वर्षीच्या, हे आम्ही विचारलं नव्हतं.

तर दोन पानं.

या शर्यतीत घोड्यावर कुणी बसत नाही. घोडा दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपतात, गाडीवान तिच्यावर पाय पसरून बसतो, आणि घोड्यानं दुडक्या चालीनं जायचं असतं. चौखूर उधळला की त्याला मागे खेचावं लागतं. तसाच पुढे आला तर पंच त्याला खालचा नंबर देतात. म्हणजे जिवाच्या आकांतानं घाई करायची, पण पळायचं नाही. ज्यांनी दूध उतू जाताना पाळण्यातलं मूल न उठवता स्वयंपाकघर गाठलं आहे, त्यांना हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

मी वही घेतली, एल्सीला गाडीच्या मागच्या आसनावर बांधलं आणि म्हाताऱ्यांच्या दारोदार निघाले. आमच्याकडे कुठल्याही संभाषणाची सुरुवात एकाच प्रश्नानं होते: "कुणाची गं तू?" बापाचं नाव सांगायचं, मग आजाचं, मग समोरचा मान हलवतो आणि चहाचं आधण ठेवतो. माझी पंचाईत अशी की मी पलीकडची. माझ्या आईला सातव्या महिन्यात समुद्रापलीकडे मावशीच्या लग्नाला जायची हौस आली आणि माझा जन्म तिकडच्या इस्पितळात झाला. अकराव्या दिवशी मला बोटीत घालून बेटावर आणलं. त्या दहा दिवसांचा डाग तीस वर्षांत गेलेला नाही.

"म्हणजे पलीकडची," म्हातारे म्हणत, आणि चहा जरा पातळ करत.

घोड्यांचीही तीच तऱ्हा. कुठल्याही घोड्याची गोष्ट त्याच्या आईपासून सुरू होई, मग आईचा मालक, मग मालकाची बायको, मग तिच्या बहिणीनं मोडलेलं लग्न. शर्यत येईपर्यंत एल्सीची दुधाची वेळ झालेली असे. दोन आठवड्यांनंतर माझ्या वहीत अकरा मोडलेली लग्नं होती आणि एकही शर्यत नव्हती.

पहिली खरी शर्यत मला लॉर्न गिलिसनं दिली.

लॉर्नचं वय शहात्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. त्याच्या स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीशेजारी एका घोडीचा फोटो होता आणि फोटोची चौकट येशूच्या चौकटीपेक्षा मोठी होती.

"लेडी मॅरिगोल्ड," तो म्हणाला. "लिही. अठ्ठावन्न साल, सप्टेंबरातली कामगार-सुट्टी, तिसरी फेरी. शेवटच्या वळणापासून ती आणि सिल्वेनचा ब्लॅक डीकन नाकाला नाक. रेषा ओलांडली तेव्हा माझी घोडी वीतभर पुढे."

"म्हणजे तुम्ही जिंकलात."

"वीतभर. पण नील वरून ओरडला, निकाल उद्या सांगतो. तुझा आजेसासरा गं, तोच मुख्य पंच. उद्या आलं वादळ. परवा सगळे बटाट्यांत. आणि त्या हिवाळ्यात क्लबची खोली जळाली, वहीसकट."

"नीलआजोबांना विचारलं नाही कधी?"

"वीस हिवाळे त्याच्याकडे पत्ते खेळलो. विचारलं की म्हणायचा, उतारी कुणाची?" लॉर्ननं माझ्या कपात आणखी चहा ओतला, पातळ नव्हता. "पण त्यानं लिहिलंय. मी खालून पाहिलं ना. वर मनोऱ्यात वारा इतका की कागद टिकायचे नाहीत. पंच आतल्या भिंतीवर पेन्सिलीनं निकाल लिहायचे आणि मग वहीत उतरवायचे. भिंत कुठं जळाली?"

"मग तुम्हीच वर जाऊन का नाही पाहिलं?"

"गाडीवानानं पंचांच्या मनोऱ्यात जायचं?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच एल्सीची टोपी नीट करावीशी वाटली. "तू चर्चच्या वेदीवर बसून चहा पितेस का? अर्थात तू पलीकडची. पीतही असशील."

मग तो खिडकीकडे वळला. खिडकीबाहेर ट्रॅक्टर उभा होता. तो ट्रॅक्टर त्याचा आणि समोरच्या सिल्वेन गॅलंटचा सामायिक. सोमवार ते बुधवार याचा, गुरुवार ते शनिवार त्याचा.

"लेक न्यायला येतेय," तो म्हणाला. "वीस ऑक्टोबरला. पलीकडे. तिच्या इमारतीत लिफ्ट आहे, माझ्या गुडघ्यांसाठी. जाईन की. बांधाबांध केलीय. हे एवढं एक कळलं की झालं."

मी वहीत लिहिलं: वीतभर. वीस ऑक्टोबर.

रस्ता ओलांडून सिल्वेनकडे गेले. सिल्वेन त्याच्याच वयाचा, अकेडियन म्हणजे बेटावरच्या जुन्या फ्रेंच वस्तीतला, बारीक, नेहमी दाढी केलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तो म्हणतोय तसंच लिही," तो म्हणाला. "फक्त खाली एक ओळ घाल. वरील मजकूर खोटा आहे."

"मनोरा कुठे असेल हो आता?"

सिल्वेननं एल्सीकडे पाहिलं, मग बुटांकडे. "शोधायला लागेल," तो म्हणाला, आणि त्यानं शोधायला मदत करायची तयारी दाखवली. हे मला तेव्हा फार चांगुलपणाचं वाटलं.

मध्यंतरी व्हर्नानं राजधानीतल्या वारसा कार्यालयाला पत्र टाकून दिलं होतं, कारण दोन पानांबरोबर एक पितळी पाटी मिळाली तर मंडळाला हवीच होती. एका सकाळी तिथले मिस्टर हॅस्लम मऊ बुटांत आले. मी त्यांना शर्यतीचा माळ दाखवला. तिथं आता बटाटे आहेत. पण उंचावरून पाहिलं तर धावपट्टीचं लांबट वर्तुळ अजून दिसतं, कारण टापांनी घट्ट झालेल्या त्या पट्ट्यात बटाटा लहान धरतो. कीथ बटाटे-निरीक्षक आहे. त्यानं दोन्हीकडचे बटाटे उपटून हॅस्लमांच्या हातावर ठेवले.

"हा आतला, हा पट्ट्यातला."

हॅस्लमांनी दोन्ही बटाटे तळहातांवर तोलले. "पटतंय," ते म्हणाले. "पण बटाटा हे बांधकाम नाही. पाटी बांधकामालाच मिळते. इतिहास कितीही असला तरी खिळा ठोकायला काहीतरी लागतं ना, बाई." आणि अकरा पानांचा एक अर्ज माझ्या हातात ठेवून, दोन्ही बटाटे खिशात घालून ते गेले.

म्हणजे लॉर्नला भिंत हवी होती, व्हर्नाला पाटी, सरकारला बांधकाम. आणि तिन्ही मिळून तो एकच मनोरा.

आता आमच्या बेटावर इमारत कुणी पाडत नाही. लाकूड महाग, माणसं चिकट. हिवाळ्यात खाडी गोठली की इमारतीखाली ओंडके सरकवायचे, घोडे जुंपायचे आणि बर्फावरून हव्या त्या गावी ओढून न्यायची. माझ्या माहेरचं गावचं दुकान तीन गावं फिरून आलंय. त्यामुळे मनोरा नाहीसा झालेला नसणार, तो फक्त कुठेतरी वेगळं काहीतरी होऊन बसला असणार. सिल्वेन मला ठिकाणं सांगू लागला आणि मी मापाची पट्टी घेऊन जाऊ लागले. क्लबच्या एका जुन्या पत्रात मनोऱ्याची मापं होती: आठ फूट बाय दहा, तीन बाजूंना खिडक्या.

पहिलं ठिकाण खाडीच्या तोंडाशी, कोंबड्यांचं खुराडं. मी आत वाकून मोजलं: सात बाय नऊ. बाहेर आले तेव्हा माझ्या केसांत जे होतं त्याचं वर्णन मी मंडळाच्या पुस्तकात केलेलं नाही. दुसरं ठिकाण एका कोळ्याची बर्फावर मासे धरायची झोपडी. तिला खिडकीच नव्हती. "खिडकी कशाला?" तो म्हणाला. "मासे बाहेर थोडेच बघतात." व्हर्ना रोज संध्याकाळी येऊन एल्सीचं नाक तपासू लागली. "इतिहासासाठी लेकराला वाऱ्यावर काढतेस हो," ती म्हणाली. इतिहास तिनंच माझ्या गळ्यात बांधला होता, ही आठवण मी तिला करून दिली नाही. मी सुशिक्षित आहे.

तिसऱ्या ठिकाणासाठी वीस मैल गेले. शेताच्या कडेला एक उंच, अरुंद लाकडी खोली, वरती झरोका. एल्सी कडेवर, पट्टीचं टोक दातात. मी एक बाजू मोजली, दुसरी मोजली, आणि तिसऱ्या बाजूला वळले तेव्हा आतून शांत आवाज आला.

"आत आहे मी."

मी पट्टी गुंडाळली.

"मोजणी सरकारी का?" आवाजानं विचारलं.

"नाही. महिला मंडळाची."

आतली कडी सरकून आणखी घट्ट बसली. मग: "कुणाची गं तू?"

संडासाच्या बंद दाराशी उभं राहून आपली तीन पिढ्यांची वंशावळ सांगणं हे कॉलेजात शिकवत नाहीत. मी सांगितली. पलीकडे जन्म झाल्याचं तेवढं गाळलं, कारण तेवढा वेळ आम्हा दोघांनाही नव्हता.

ऑगस्ट संपत आला. लॉर्नच्या घरी खोकी रचलेली दिसू लागली. मी गेले की तो काही विचारत नसे, नुसता माझ्या वहीकडे बघे. फोटो भिंतीवरून उतरला होता. येशू एकटाच होता.

एका रात्रीच्या जेवणाला मी कीथला सगळं सांगितलं. कीथ फार बोलत नाही. दिवसभर बटाट्यांतले दोष शोधून झाल्यावर त्याच्यात शब्द उरत नाहीत, आणि ताटातला बटाटाही तो आधी उलटून पाहतो.

"आठ बाय दहा," मी म्हणाले. "सिल्वेनच्या एका चुलतबहिणीकडे मनोऱ्याच्या दोन जुन्या खिडक्या आहेत. तिच्या आईला म्हणे तुझ्या आजोबांनी दिल्या होत्या, तीन होत्या त्यातल्या दोन. एकच ठेवली. आणि ती सांगते, खिडकी अशी की उघडली की खाली भिंतीत जायची, म्हणजे पंचांना वाकून ओरडता यायचं. छताला झडप, निशाण लावायला वर जायची. आणि घंटेचा दोर बाहेर जायला भिंतीला एक भोक—"

कीथनं बटाटा उलटा केला, सुलटा केला.

"माझा मोजा," तो म्हणाला.

आम्ही दोघं उठून पूर्वेच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिलो. एल्सी झोपली होती. तिच्या डोक्यावर झडप होती, शेजारी भोक होतं, भोकात मोजा होता. मी आठ आठवडे, चारशे मैल, एक खुराडं आणि एक संडास पालथा घालून जे शोधत होते, त्यात मी रोज अंगाई म्हणत होते. मी पट्टी आणली. आठ बाय दहा. अपमान मोजायचं माप अजून निघालेलं नाही, नाहीतर तोही मोजला असता.

आणि भिंतींवर भिंतकागद होता. गुलाबांचा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी भिंतकागद काढायचं ठरलं. नऊ वाजता व्हर्ना अंड्याची सँडविचं घेऊन आली आणि तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. हॅस्लम आले. लॉर्न आला, चर्चचा कोट घालून. खोलीच्या मधोमध उभा राहून तो चारी भिंतींकडे बघत राहिला.

"त्या कोपऱ्यात बसायचो मी," तो म्हणाला. "भिंतीला पाठ लावून. वीस वर्षं."

शेवटी सिल्वेन आला. तो गावात सगळ्यांना सांगत असे की शर्यतीच्या दिवसापासून नीलच्या घराची पायरी मी चढलेलो नाही. हातात टोपी, नजर लॉर्नवर, तो बोळातून सरळ खोलीपर्यंत आला आणि खाली न बघता पाय चार बोटं उंच उचलून उंबरा ओलांडला. मी एल्सीला घेऊन दारातच उभी होते. लहान मूल असलेल्या बाईच्या नजरेतून कुणाचा पाय सुटत नाही. पण तेव्हा मी गप्प राहिले.

किटल्यांच्या वाफेनं कागद मऊ करत गेलो. गुलाबांखाली जहाजं निघाली. जहाजांखाली हिरव्या रेघा. रेघांखाली वर्तमानपत्रं, आणि हॅस्लम ती वाचायला थांबल्यामुळे अर्धा तास गेला.

"एवढे थर," व्हर्ना म्हणाली. "नील तर चुलीला रंग द्यायलाही तयार नसायचा."

वर्तमानपत्र निघालं आणि लाकूड आलं. लाकडावर पेन्सिल. सगळी भिंत भरून: घोड्यांची नावं, वेळा, फेऱ्या, मध्येच अंड्यांचा हिशेब, मध्येच एक पाऊस. हॅस्लमांनी खिशातून भिंग काढलं. वाफेत मला एल्सीच्या छातीची काळजी होती, तरी मी हलले नाही.

खिडकीच्या डाव्या हाताला, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, हॅस्लम थांबले.

"अठ्ठावन्न. कामगार-सुट्टी. तिसरी फेरी."

लॉर्ननं चष्मा लावला आणि काढला. "तूच वाच," तो मला म्हणाला.

मी वाचलं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: मॅरिगोल्ड पहिली, डीकन दुसरा. ती ओळ खोडली होती. तिच्याखाली: डीकन पहिला, मॅरिगोल्ड दुसरी. तीही खोडली होती. तिच्याखाली पुन्हा मॅरिगोल्ड, पुन्हा खोडलेली. पेन्सिलीचं टोक मोडल्याची खूण होती. आणि सगळ्यांत खाली, दुसऱ्या, जाड पेन्सिलीनं, नीलआजोबांच्या तिरक्या अक्षरात:

दोघंही शेजारी. हिवाळा लांब असतो.

मी ते दोनदा वाचलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. स्वयंपाकघरात किटली वाजत होती.

"पहिल्यांदा मॅरिगोल्डच लिहिलंय," लॉर्न म्हणाला.

"आणि खोडलंय," सिल्वेन म्हणाला.

"डीकनपण खोडलाय."

"एकदाच. तुझी दोनदा खोडलीय."

"दोनदा खोडायला दोनदा लिहावी लागते, लेका. दोन विरुद्ध एक. मोज."

"ती धावपट्टीवर चौखूर उधळली म्हणून खोडलीय, दोनदा उधळली म्हणून दोनदा."

"माझी घोडी? चौखूर? तुझा डीकन तर पाव मैल सशासारखा—"

हॅस्लम दोघांच्या मध्ये भिंग धरून उभे होते. व्हर्नानं त्यांच्या हातात सँडविच दिलं.

दुपारी सगळे स्वयंपाकघरात असताना सिल्वेन एकटा बाहेरच्या ओट्यावर दिसला. मी एल्सीला घेऊन शेजारी बसले.

"उंबरा पाठ आहे तुम्हाला," मी म्हणाले.

त्यानं नाकारलं नाही. "बासष्टच्या फेब्रुवारीत ओढून आणला. नीलच्यानं हलेना. मी आणि डीकन. दार खिळे मारून बंद होतं, आत बघू नकोस म्हणाला, मी बघितलं नाही. बसवताना उंबऱ्याला मीच आधार दिला. लॉर्न तेव्हा पलीकडे लाकूडतोडीला गेला होता."

"आणि मला खुराड्यात पाठवलंत."

"ते खुराडं चांगलं आहे."

"सिल्वेन, त्याला सांगितलं का नाही? सदतीस वर्षं."

त्यानं टोपी गुडघ्यावर फिरवली. आतून लॉर्नचा आवाज येत होता. तो हॅस्लमांना शेवटचं वळण समजावत होता.

"समजा तो जिंकला असं निघालं," सिल्वेन म्हणाला. "किंवा मी. काहीही निघालं असतं, तरी बुधवारी संध्याकाळी ट्रॅक्टर न्यायला गेल्यावर बोलायचं काय?" मग तो एल्सीकडे बघत म्हणाला, "आणि या वर्षी तर त्याच्या लेकीनं तिकीटच काढलंय."

मी दोन पानांत हे लिहिलेलं नाही. इथे लिहिते आहे, कारण आता त्यानं काही बिघडत नाही.

त्या रात्री लॉर्ननं लेकीला फोन केला. तो ओरडून बोलतो, त्यामुळे व्हर्नानं तो तिच्या ओट्यावरून ऐकला आणि सकाळी मला जसाच्या तसा सांगितला. "अगं, निकाल लागायचाय अजून. हो, भिंत सापडली. नाही, भिंतीनंच घोळ घातलाय. असं अर्धवट टाकून कसं येऊ? तो सिल्वेन मागे काय वाटेल ते सांगेल. वसंतात बघू." फोटो परत भिंतीवर गेला, येशूपेक्षा थोडा वर.

पाटी आली. पितळी आहे, चांगली आहे, बाहेरच्या भिंतीवर चार खिळ्यांनी ठोकली आहे. तिच्याबरोबर नियम आले. नोंद झालेल्या बांधकामाची खिडकी, दार, छप्पर किंवा भिंत यांत देखभाल समितीच्या लेखी ठरावाशिवाय बदल करता येत नाही. दोरासाठीचं भोक हे ‘मूळ वैशिष्ट्य’ असून ते बुजवता येत नाही. मात्र हॅस्लमांनी माझ्या तोंडाकडे पाहून अर्जात ‘तात्पुरतं बूच, लोकरी, एक’ अशी नोंद केली आहे, त्यामुळे कीथचा मोजा आता सरकारदप्तरी आहे आणि दुसऱ्याची आशा त्यानं सोडली आहे. ‘सध्याचा वापर’ या रकान्यात शेती, व्यापार, धार्मिक आणि रिकामं असे चार पर्याय होते. बाळ नव्हतं. हॅस्लमांनी बराच विचार करून शेतीवर खूण केली.

समितीत तीन जण लागतात. लॉर्न, सिल्वेन आणि चिटणीस म्हणून मी. दोघं रोज दहाला येतात, बुधवारी ट्रॅक्टरसकट, आणि भिंतीसमोर खुर्च्या टाकून बसतात. एल्सी पूर्वी त्या खोलीत वीस मिनिटांवर झोपत नसे. आता लॉर्न "वीतभर" म्हणाला की तिचे डोळे मिटू लागतात आणि सिल्वेन "उधळली" म्हणेपर्यंत ती गाढ झोपते. दोघं दमून गप्प बसले की जागी होते. म्हणून मी त्यांना चहा दाट देते.

"पलीकडची असून चहा बरा करतेस," लॉर्न परवा म्हणाला.

सुतार ऑक्टोबरात उगवला. नवी दुहेरी काचेची खिडकी गाडीवर घालूनच आला होता. मी घाईनं समितीची सभा बोलावली, म्हणजे दोघांच्या खुर्च्या भिंतीकडून टेबलाकडे वळवल्या.

"लेकराला वारा लागतो," लॉर्न म्हणाला. "बसव खिडकी."

"ती खिडकी माझ्या डीकननं ओढून आणलीय," सिल्वेन म्हणाला. "हात नाही लावायचा."

हे लॉर्ननं प्रथमच ऐकलं. तो सिल्वेनकडे बघत राहिला. सुतारानं गाडीवरची दोरी सोडायचं थांबवलं.

"डीकननं?" लॉर्न अखेर म्हणाला. "एकट्यानं? बर्फावरून?"

"एकट्यानं."

"दुडक्या चालीत की चौखूर?"

"दुडक्या."

"ह्या:," लॉर्न म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर पुढचा सबंध हिवाळा पसरला.

खिडकीला एक मत बाजूनं, एक विरुद्ध. निर्णायक मत चिटणिसाचं. दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी ठरावाच्या वहीत ‘मंजूर’ लिहिलं. सिल्वेननं टोपी उचलली, तेव्हा मी ते खोडलं आणि ‘नामंजूर’ लिहिलं. लॉर्ननं कोटाचं बटण लावलं, म्हणून तेही खोडलं. कॉलेजात गेलेली बाई आहे मी. तिसऱ्यांदा पेन्सिलीचं टोक मोडायच्या आत मला आजेसासऱ्यांचं अक्षर समजलं. मी वही मिटली आणि विचारलं, "चहा कुणाकुणाला?"

सुतार खिडकी परत घेऊन गेला. एल्सी रात्री आमच्या खोलीत झोपते, ऊब आहे. तिथं तिघं मावत नाहीत, म्हणून कीथ पूर्वेच्या खोलीत झोपतो, कानटोपी घालून, झडपेखाली, खोडलेल्या निकालाकडे तोंड करून. काल सकाळी बटाटा उलटा करून पाहता पाहता तो म्हणाला की रात्री वाऱ्यानं मोजा पडला होता, आणि भोकातून आलेल्या उजेडात नीट बघितलं तर पहिल्या ओळीवरची, म्हणजे मॅरिगोल्डवरची, रेघ इतरांपेक्षा जरा बारीक आहे.

"कुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही."

"मोजा परत लाव," मी म्हणाले.